वडिलांनी घडवलेला खोडा

शाळेच्या बाकांना जवसाचं तेल लावलं की त्या वासाने मला मानोऱ्याकडची आमची चावडी आठवते. देशाला स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली होती. वडील सुतार, चावडीतला पाय अडकवायचा खोडा त्यांनीच घडवून जवसाचं तेल पाजलेला. सागवान चोरल्याचा आळ आला आणि त्यांचेच पाय त्यात गेले. मी भाकर घेऊन गेले, तेव्हा कोतवाल म्हणत होता, "कबूल कर ना मिस्तरी, मंग सोडतो." वडील म्हणाले, "चोरलंच नाही तं काय कबूल करू? भोकं अंमळ मोठी कोरायले पाहिजे होती, एवढं कबूल." चौथ्या दिवशी खरा चोर सापडला, पण तोवर वडिलांचा डावा पाय सडला होता, तो कापावा लागला. पुढे गुरुजींनी शिकवलं, तुरुंग हा शब्द पोर्तुगीजांचा, मूळ अर्थ झाडाचं खोड, मग पायातला खोडा. आता वर्गात मीच तो अर्थ सांगते आणि पुढचा शब्द घेते.