दिव्याच्या तोंडावरचा हात

त्या दिवशी शाळेत आम्ही एवढे जण व्हतो. मी. माही नात दिव्या. पहिलीच्या मॅडम. अन् खुर्चीवर सुमनबाई, जिच्या केळीच्या मळ्यात मी कामाले जात व्हती, ती. शाळेनं तिले पाव्हणी म्हणून बोलावलेलं. मांगं भिंतीले लागून बाकीच्या पोरायच्या माया.

पहिलीत जाणाऱ्या लेकरायचा मेळावा व्हता. टेबलावर चित्रं, मणी, रंगीत खडू. मॅडमनं इचारलं, "बाळा, तुझं नाव काय?"

दिव्यानं सुमनबाईकडे पाह्यलं. अन् सोताचा हात सोताच्या तोंडावर दाबून धरला.

"मुकी आहे का हो ही?" मॅडमनं मले इचारलं.

सुमनबाई हासली. "मजुराचं लेकरू ते मॅडम. यांच्या घरात कोण बोलतं लेकरांशी? माझा नातू बघा, थांबतच नाही."

मांगच्या माया बी हासल्या.

माह्या अंगाची आग झाली. दिव्याची माय सुरतेले कामाले. पोरगी तान्ही व्हती तवापासून माह्यासंगं मळ्यात. मी केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापू, ती सावलीत पडून राहे. ह्याच बाईनं सांगितलं व्हतं, "लेकराचा आवाज आला तर उद्यापासून येऊ नको." मंग बांधावर इची गाडी वाजली का मी पोरीच्या तोंडावर हात ठेवू. पुढं मले ठेवा लागेना. तीच ठेवे. रडताना बी.

सुमनबाईपुढं मी कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी केली.

"मुकी नाई मॅडम. घरी इचं तोंड मिटत नाई. या बाईच्या मळ्यात इले गप राहा लागे. सुमनबाई, उठा तुम्ही इथून. मंग इचारा पोरीले."

सुमनबाई खुर्चीतूनच वरडली.

"लई तोंड फुटलं का गं? उद्या मळ्यात पाय ठेवू नको."

"नाई ठेवत."

ती उठली नाई. दिव्या बोलली नाई. मॅडम म्हणे, "मुलीची तयारी नाही आजी. अजून वर्षभर अंगणवाडीत पाठवा."

"पहिलीतच बसन. मी रोज आणून बसवीन."

बसवते. अजून ती शाळेत बोलत नाई. मी बी हटत नाई. काम आता दूरच्या मळ्यात, पायी जा लागतं. तिथं पहिल्याच दिवशी सांगितलं, शाळा सुटली का पोरगी येईन, बोंबलन, गाणं म्हणन. चालत असन तर मी येते.

वाचणाऱ्याले एवढंच सांगते. तुमच्या वावरात कामाची बाई लेकरू घेऊन आली तर त्याले बोलू द्या. रडलं तर रडू द्या.