आधी सामान मोज

मिरजेच्या फलाटावर गाडी उभी होती. मी खिडकीच्या गजाला कपाळ टेकून मुसमुसत होते आणि खाली उभी असलेली माझी आई माझ्यावर खेकसत होती, "रडायचं ते गाडी सुटल्यावर. आधी सामान मोज!" मी मोजलं. ट्रंक, वळकटी, तांब्या, लोणच्याची बरणी, मेतकुटाचा डबा. झालं म्हटलं की ती म्हणायची, "परत मोज." गाडी हलली तरी ती बाजूनं चालत मोजतच होती. एकदाही तिनं मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथंच मोडून पडली असती, हे मला तेव्हाही कळत होतं.

भाचरांनो, सिनेमासाठी लिहायचंय, स्वतः चित्रपट काढायचाय, काय करू, असं तुम्ही मला विचारता. ऐका तर मग. माझ्या डोक्यातली तिडीक अजून गेलेली नाही.

ह्यांची विमा कचेरीतली बदली झाली, म्हणून तेव्हा मिरज सोडून आम्ही जयपूरला आलो. मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दिवसभर भाजीवाल्या भैयाशी, दूधवाल्याशी हिंदीत झगडून जीभ आंबून जायची. त्यामुळे बाजारात कुणी मराठी बोलताना ऐकू आलं, की ओळखदेख न विचारता त्याला जेवायला बोलवायचं, अशी आम्हा सगळ्यांची रीतच पडली होती. मराठी बोलतो म्हणजे माणूस आपला! किती भाबडे होतो आम्ही.

जयपूरबाहेरचं दुर्गापुरा तेव्हा म्हणजे नुसती शेतं आणि एक लहानसं स्टेशन. तिथं मुंबईहून सिनेमावाले शूटिंगला आले. त्यांचा दिग्दर्शक मराठी निघाला. हे त्याला थेट घरीच घेऊन आले. मी पुरणपोळी केली. जेवताना तो म्हणाला, "वहिनी, मुलगी घर सोडून निघते, तो स्टेशनवरचा प्रसंग काही केल्या जमत नाहीये." मला सिनेमासाठी लिहायची फार हौस. मी त्याला मिरजेचा फलाट सांगितला, आई सांगितली, तिचं मोजणं सांगितलं. गृहस्थाचे डोळे भरून आले. "हे असंच्या असं घेतो. पडद्यावर तुमचं नाव येईल, माझा शब्द आहे," म्हणाला आणि आणखी एक पोळी वाढून घेतली.

पुढच्या वर्षी सिनेमा जयपुरात लागला. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला आई आली होती. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर त्याला शेजारणीकडे ठेवून मी तिला मोठ्या ऐटीत घेऊन गेले. "बघ, तुझा प्रसंग आहे यात," असंही सांगून बसले. नावं सरकली, माझं नव्हतं. तोंडाला पानं पुसली मेल्यानं! तेही गिळलं असतं मी. पण मग तो प्रसंग आला. त्यातली आई म्हणजे हावरट, कजाग बाई. मुलीनं आपलं काही पळवलं तर नाही ना, म्हणून तिची बोचकी उचकत होती. "पहले सामान गिन!" असं ती ओरडली आणि सगळं थिएटर खो खो हसत सुटलं.

आईला हिंदी फारशी येत नव्हती, पण मोजणं कळलं. अंधारात तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "मी अशी मोजत होते गं?"

मी तिला तसंच हाताला धरून थिएटरबाहेर आणलं.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं, ते ऐकून थोरल्यानं विचारलं, "आई, मतलब ते काका चोर आहेत?" हो, चोरच. हे म्हणाले, "जाऊ दे, सिनेमावाल्यांचं असंच असतं." असंच असतं म्हणजे काय? घरी जेवायचं, आई चोरायची, वर तिचं हसं करायचं, आणि आम्ही जाऊ दे म्हणायचं?

म्हणून सांगते. पूर्ण लिहून झाल्याशिवाय गोष्ट कुणाला सांगू नका. शब्द कागदावर घ्या, समोरचा तुमच्याच ताटात जेवत असला तरी, किंबहुना तेव्हा तर घ्याच. दुसऱ्याच्या आईचं वाक्य उचलाल तर ती ते का म्हणाली हेही उचला. आणि कुणी दारात उभं करत नसेल, तर कुणाचा कॅमेरा मागून आणा आणि स्वतः काढा. एक फलाट आणि एक बाई, एवढं पुरतं.

आई परत निघाली, तेव्हा जयपूर स्टेशनवर मीच खिडकीशी उभी राहिले. "आई, सामान मोज," म्हटलं. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "नको गं, लोक हसतील." आणि माझ्या तोंडाकडे बघून रडायला लागली.

आता मिरजेला आई नाही, आणि जयपूरचं घर कचेरीनं दिलेलं. माझं घर म्हणाल तर त्या फलाटाएवढंच, जिथं ती मोजते आहे आणि वर बघत नाही. ते मी पूर्ण लिहून काढलंय. कुणाला चित्रपट काढायचा असेल त्यानं खुशाल यावं, जेवूनही जावं. पण तिच्यावर कुणी हसलेलं मला चालणार नाही.