तेराचे दोन पाने

काल कूलरच्या गंजलेल्या नटावर डिझेलची चिंधी फिरवली आणि त्या वासासरशी पारोळ्याच्या आमच्या गॅरेजातली वाटणीची दुपार आठवली. आबांकडे, म्हणजे आमच्या वडिलांकडे, प्रत्येक मापाचे दोन दोन पाने होते. एकानं बोल्ट धरायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा. एकाच पान्यानं खोलायला गेलं तर दोन्ही सोबत गरगरत राहतात. मामांनी सगळे पाने गोणपाटावर मांडले, दहाचे, तेराचे, सतराचे, आणि जोड्या फोडून एक भावाकडे, एक माझ्याकडे सरकवत गेले. वर पत्रा उन्हानं तडतडत होता. भाऊ माझ्याकडे बघत नव्हता, मीही त्याच्याकडे नाही. "बठ्ठं बरोबर शे ना? मंग कोनी तोंड उघाडानं नही," दोन्हीकडचं सगळं सारखं भरल्याचं दाखवत मामा म्हणाले. खाटेवर पडलेले आबा तेवढं एकच बोलले, "आरे, पन बोल्ट कोन धरी?" तेवढ्यात चहा आला आणि सगळ्यांनी वाटणीचं कौतुक केलं. काल मी माझा तेराचा पाना नटाला लावला, तर बोल्टही सोबत फिरायला लागला. दुसरा तेराचा भिंतीपलीकडे, भावाच्या घरात. त्याचा खोकला मला इकडे ऐकू येत होता. पण हाक मीच का मारायची? मी पक्कडीनं बोल्ट आवळून धरला, रागानं जोर लावला आणि त्याचे कोपरेच झिजून गेले. आता भावानं स्वतःहून पाना आणून दिला, तरी तो त्यावर बसणार नाही.