तिघांची गाडी आणि तिचं ऑइल

गाडी एकाची असली की नुसती बिघडते. तिघांची असली की किस्से होतात. आमची तर जुनी आणि वर तिघांची, त्यामुळे बॉनेट उघडलं की ऑइल कमी आणि किस्से जास्त निघतात.

ही गाडी घेतली नामदेवच्या बायकोसाठी. शेवंतावहिनींच्या किडन्या थकल्या. आठवड्यातून दोनदा यवतमाळला मशीनवर रक्त साफ करून आणावं लागतं. एक खेप चुकली की पाय सुजतात, दम लागतो. म्हणून नामदेव, रिटायर गुरुजी आणि मी, असे तिघं भागीदार. गाडी मी चालवतो, अक्कल ते दोघं चालवतात.

*

सेल्फचा भरवसा नाही, म्हणून गाडी उतारावर ठेवायची आमची पद्धत. गुरुजींच्या दारात तिचं तोंड खाली असतं. तिथं ऑइल मोजायची पट्टी ओढली की ऑइल काठोकाठ. नामदेवच्या दारात तोंड वर. तिथं पट्टी कोरडी.

"काल तं भरलं होतं. गेलं कुठं?" नामदेवनं माझ्याकडं पाहून विचारलं.

गुरुजी म्हणाले, "असा संशय नको घेऊ, नामदेव. हा म्हातारा भाजीत तं टाकत नसन."

शाळेचं मैदान चांगलं सपाट आहे. तिथं नेऊन मोजावं, हे कोणाला सुचलं नाही. आम्ही एकमेकांना मोजण्यात गुंतलो होतो.

*

मग तिघांच्याही मनात दया आली. वहिनींची गाडी आहे, ऑइल कमी नको पडायला. गुरुजींनी गुपचूप थोडं ओतलं. नामदेवनं गुपचूप ओतलं. मीही काही माणुसकीत मागं नाही.

यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात शिरलो तेव्हा मागं इतका धूर, की एका बाईनं घराची सगळी दारं-खिडक्या उघडल्या. तिला वाटलं, मच्छर मारायची मशीन आली.

आमचा मिस्त्री रफिकभाई. त्यानं पट्टी पाहिली, मग आम्हा तिघांना पाहिलं. म्हणाला, "चाचा, ये गाडी है के पोळ्याचा बैल? जो आया उसने खिलाया!"

*

रफिकभाईनं सगळं ऑइल काढून नवं टाकलं आणि पुढं किती किलोमीटरवर बदलायचं, ते बजावून सांगितलं. थोड्याच दिवसांत किलोमीटरचा काटा बंद पडला.

मी म्हटलं, "गुरुजी, ऑइल बदलाची वेळ झाली असन."

"काटा पाह्य," गुरुजी म्हणाले. "किलोमीटर झालेच नाही, तं ऑइल बदलवाचं कायले?"

गुरुजींनी जन्मभर गणित शिकवलं. आमच्या गावची पोरं हिशेबात काहून चुकतात, ते मला त्या दिवशी समजलं.

नामदेवनं मधला मार्ग काढला. "दसऱ्याले गाडीची पूजा करतोच ना, तवाच बदलवून टाकू."

दसरा आला. गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. ऑइल तेवढं राहिलं. आठवण केली तर नामदेव म्हणाला, "आता पूजा झाली, काही होत नाही."

*

त्यानंतर वहिनींना घेऊन निघालो, तर अर्ध्या रस्त्यात ऑइलचा लाल दिवा लागला. मी गाडी हळू केली.

"काहून हळू केली?" गुरुजी म्हणाले. "काटा खोटा, तसा दिवाही खोटा. चाल."

"दवाखाना आलाच आता," नामदेव म्हणाला. "हिले पोचवू, मंग पाहू."

इंजिन खडखडायला लागलं. वहिनी मागं सुजलेले पाय सीटवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, बंद करा गाडी."

मी बाजूला घेऊन बंद केली.

नामदेव घाबरला. "अवं, मशीनची वेळ चालली ना तुही!"

"माहं रगत आठवड्यातून दोनदा साफ होते, तरी माही हे गत," वहिनी म्हणाल्या. "हिच्याकडं कोणी ढुंकून पाह्यलं नाही, अन् हे मले पोचवन म्हणता?"

तेवढ्यात मागून एसटी आली. वहिनींनी हात दाखवला. कंडक्टरनं हात देऊन त्यांना वर घेतलं. नामदेव पिशवी देऊन मागोमाग चढायला लागला, तर त्यांनी त्याला पायरीवरच अडवलं आणि गाडीकडं बोट दाखवलं.

"तुमी कुठं येता? पेशंटजवळ कोणी थांबा लागते का नाही?"