सगळं मावलं

मला गिऱ्हाइकांचा तिटकारा आहे, हे आधीच सांगून टाकतो. रत्नागिरीत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. लोक येतात, मशीन टेबलावर आदळतात आणि म्हणतात, "स्लो झालाय, बघा जरा." कशानं झालाय? एका वेळी पन्नास पानं उघडून ठेवायची, वर मशीनला शिव्या घालायच्या. त्यातली थोडी बंद करा म्हटलं की चेहरा असा करतात, जणू मी त्यांची कलमांची बागच मागतोय.

त्यातल्या त्यात नमुना म्हणजे आरे-वारेच्या रस्त्यावरच्या एक काकी. मुलगा मालवाहू बोटीवर. काकांना अर्धांगाचा झटका आलेला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. माणूस प्रवासाला निघाला की त्याच्या पाठोपाठ केर काढायचा नाही, हे आपल्याकडे घरोघरी पाळतात. काकींनी ते पार संगणकापर्यंत नेलं होतं. मुलानं जाण्याआधी जे जे उघडलं ते सगळं तसंच उघडं. परीक्षेचा अर्धवट भरलेला फॉर्म, बंदरांचे नकाशे, गाणी, कसल्या कसल्या बुटांची चित्रं. वीज गेली तरी मशीन चालू राहावं म्हणून त्याला खास इन्व्हर्टर जोडलेला, आणि दुरुस्तीला मलाच घरी बोलावलेलं. आता बोला!

"काकी, हे बंद करा. मेमरी भरलीय."

"त्यानं उघडलंय. तो आला की तोच मिटील."

"मग जास्तीची मेमरी बसवतो. पण त्यासाठी मशीन बंद करावं लागेल."

"बंद नाही हां करायचं, त्यानं उघडलेलं सगळं मिटेल," काकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आणि चालायला तर हवंच, शनिवारी चारला त्याचा व्हिडिओ कॉल यायचाय. बोटीवर पंधराच मिनिटं नेट देतात. ह्यांना मोबाईलवर चेहरा दिसत नाही रे, मोठ्या पडद्यावरच ओळखतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "डॉक्टर म्हणालेत, आता थोडेच दिवस. एकदा बघू देत बापाला."

मला वाईट वाटलं का? वाटलं असेल. पण त्याहून जास्त डोकं फिरलं. हिला सगळं उघडं हवं, मशीनही बंद करायचं नाही आणि वर कॉलही हवा. ठीक आहे, म्हटलं, दाखवतोच.

अशा वेळी एक उपाय असतो. जी पानं नुसती उघडी पडून आहेत, त्यांचा मजकूर मेमरीतच दाबून लहान करायचा. गादीची गुंडाळी करून कपाटात कोंबावी तसा. हलका दाबला तर थोडाच जास्त मावतो, पण लागेल तेव्हा चटकन हाताशी येतो. घट्ट दाबला तर बक्कळ मावतो, पण उलगडायला वेळ खातो, आणि प्रोसेसर जुना असला तर त्याचा जीव जातो. मशीन कशासाठी लागणार ते बघून मधलं काहीतरी ठरवायचं असतं. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. नवशिक्यांना शिकवताना तर मी ह्यावर तासभर शहाणपण पाजळतो.

आणि तरी मी सगळ्यात घट्ट दाब लावला. का? तर काकींची जिरवायची होती. घ्या तुमचं सगळं! एकही पान बंद न करता सगळं मावलं आणि वर जागा उरली. उरलेल्या मेमरीचा आकडा बघून मी इतका फुगलो की एक कॉल लावून बघायचंही डोक्यात आलं नाही. दुकानात परतल्यावर शेजारच्या चहावाल्याला कौतुकानं सांगितलं, "अशी माणसं असतात बघ. अक्कल शून्य."

शनिवारी काकींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. काकांना लोडाला टेकवून बसवलेलं, अंगात धुतलेला सदरा, केस विंचरलेले. चारला कॉल आला. मी ऐटीत क्लिक केलं.

पडद्यावर नुसतं चक्र फिरायला लागलं. आतला पंखा बोंबलायला लागला. "आई... दिसतंय..." एवढं ऐकू आलं आणि आवाज तुटला. पाच मिनिटं गेली.

"काकी, ती पानं बंद करायला लागतील."

मला वाटलं, आता ही वाद घालणार. त्या लगेच म्हणाल्या, "कर. सगळी कर."

मी बंद करायला लागलो. पण मीच घट्ट दाबलेली ती पानं, मिटायच्या आधी एकेक उलगडत होती! बुटांची चित्रं उलगडली, मग नकाशे, मग फॉर्म. सरळ वायर उपटून मशीन पुन्हा चालू करायचं, तर तेही मला गाढवाला सुचलं नाही.

मुलानं शेवटी मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला. काकींनी धावत जाऊन मोबाईल काकांच्या डोळ्यांसमोर धरला. "अहो, बघा ना, बघा. आपला बाबू." काका मोबाईलच्या वरून पलीकडे बघत राहिले, मोठ्या पडद्याकडे. तिथं चक्र फिरत होतं. मोबाईलमधून "बाबा, बाबा" चाललेलं. चार वाजून पंधरा मिनिटांनी ते थांबलं.

काकींनी काकांना हळूच आडवं केलं आणि मला चहा विचारला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुधवारी काका गेले. तेरावं झाल्यावर मी मेमरी घेऊन त्यांच्याकडे गेलो. काकी ओटीवर कुळीथ निवडत होत्या.

"काकी, दहा मिनिटांचं काम आहे. बसवतो. मग बघा कसं पटापट चालतं."

"बसव हो," त्या सुपातून नजर वर न करता म्हणाल्या. "पण आता घाई कुणाला आहे?"