पाच जणांची गाडी

संभाजीनगरला नोकरी लागल्यापासून माझ्या पायाला भिंगरी लागली आहे. रविवारी खोलीत बसलो की भिंती अंगावर येतात. म्हणून बुधवारपासूनच माझा उद्योग सुरू होतो. मोबाइलवर नकाशा उघडायचा, एका दिवसात जाऊन येता येईल असा धबधबा, डोंगर, तळं, काहीतरी शोधायचं आणि मिनिटांसकट वेळापत्रक करायचं. मित्र मला 'कंट्रोलर' म्हणतात. म्हणोत बापडे. पण तिथं पोहोचून पाच मिनिटं झाली की मलाच परतीचे वेध लागतात, हेही त्यांना एव्हाना कळलंय.

आई नेकनूरला एकटी राहते, किराणा दुकान चालवते. दर रविवारी दुपारी तिचा फोन येतो आणि मी कुठल्यातरी कड्यावरून ओरडतो, "माय, रेंज न्हाई, नंतर करतो!" नंतर करायचं राहून जातं.

गेल्या भादव्यात कपिलधारचा धबधबा ठरला. वाटेतल्या मांजरसुंब्याहून आमचं गाव जवळच, म्हणून कागदावर एक ओळ वाढवली: 'नेकनूर, नाष्टा, वीस मिनिटं.' घरी जाऊन चार महिने झाले होते. एका दगडात दोन पक्षी, म्हणून मी स्वतःवर खूश होतो. आईला कळवलं, "पाच जण येतोय. खाऊन लगेच कपिलधारला जायचंय."

गेवराईजवळ ट्रकांच्या रांगेत अर्धा तास गेला आणि माझं डोकं सणकलं. घरी पोहोचलो तर दुकान बंद. आईनं ठेवणीतली हिरवी साडी नेसलेली. पाहुणे येणार म्हणून असेल, असं मला वाटलं. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, सगळं तयार होतं. मित्र ताव मारत होते आणि मी उभ्यानं खात घड्याळ बघत होतो.

"बस की लेका," आई म्हणाली, "घोड्यावर बसून आलास का?"

पंचविसाव्या मिनिटाला मी सगळ्यांना गाडीत कोंबलं. वळून बघतो तर आई दाराला कुलूप लावत होती.

"कुलूप कावून लावतीस?"

"मंग? घर उघडं टाकून येऊ का तुमच्यासंगं?"

गाडी पाच जणांची आणि आम्ही पाच. मागच्या सीटवरचा मित्र म्हणाला, "अबे, बसू दे की काकूंना, आमी सरकतो." मी काय म्हणावं? म्हणालो, "घाटात पोलीस असतात." रविवारी सकाळी, कपिलधारच्या रस्त्याला, पोलीस!

आईनं एकदा गाडीत बघितलं. "न्हाई रं, मी देवळात निघालते," म्हणाली आणि खरंच देवळाच्या दिशेनं चालायला लागली. मी गाडी सुरू केली.

त्या दिवशी धबधब्यावर आम्ही अगदी वेळेत पोहोचलो. पाणी भरपूर होतं. मित्र भिजत होते आणि मी काठावर येरझारा घालत होतो. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त स्वतःचा राग येत होता. तासाभरानं मी त्यांना म्हणालो, तुम्ही थांबा, मी आईला घेऊन येतो.

आई दुकानात होती, त्याच साडीत, कुणाला तरी साखर जोखून देत होती. मी म्हणालो, "चल माय. गाडीत मी एकटाच हाय. लई पाणी हाय, बघ तरी."

तिनं पुडीला दोरा गुंडाळला, गिऱ्हाइकाच्या हातात दिली आणि मग माझ्याकडे वळली.

"पाणी मी लई येळा बगितलंय," ती म्हणाली. "घरी न येता तू रविवारचा काय करतूस, ते बगायचं व्हतं."