रक्तानं खाल्लेली साखर

फेब्रुवारीतला तिसरा रविवार. हजर होतो वडील, आई आणि मी. स्पिरिटचा वास आला की वैजापूरच्या ओसरीवरची ती सकाळ आठवते. वडिलांना मधुमेह; साखर तपासायला त्यांचं उपाशीपोटी रक्त घ्यायचं म्हणून मी यादी करून सगळं नेलं होतं, पण रक्तातली साखर टिकवणारं औषध घातलेली नळी लिहायचीच राहिली. साध्या नळीत रक्त घेऊन शहराकडे निघाले. बस वाटेत बंद पडली आणि प्रयोगशाळेत पोचायला संध्याकाळ झाली. नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात, त्या साखर खात राहतात. जीवरसायनशास्त्राच्या पहिल्या तासाला हे मीच शिकवते. रिपोर्ट नॉर्मल आला आणि मी अडवायच्या आत वडिलांच्या मोबाइलवर गेला. मी वडिलांना फोन केला, "दादा, आकडा चुकीचा आहे. गोळ्या बंद करू नका. रक्तानंच साखर खाल्ली." "रक्त साखर खातं व्हय? मग मला कशाला उपाशी ठेवलंस, माय?" मागून आई म्हणाली, "गोळ्या उकिरड्यावर गेल्या बघ, अन् हे पेढा खायलेत." मी समजावत राहिले, ते हसत राहिले. याला दोन वर्षं झाली. हल्ली त्यांच्या पायांना मुंग्या येतात. दर सुट्टीला मी जाते, ते हात पुढे करत नाहीत. त्यांचं रक्त पुन्हा घ्यायचं अजून राहिलंच आहे.